बावन्न नावांची यादी

वाटूर, ता. परतूर
६ ऑक्टोबर २०२४

चि. दीपमाला हिस,
अप्पाचा सप्रेम जयभीम व आशीर्वाद. वि. वि.

फोन हाताशी असताना पत्र कशाला, असं म्हणशील. पण तुझ्या लग्नाचा विषय निघाला की फोनवर तूही चिडतेस आणि मीही चिडतो. मग दोन दिवस दोघंही एकमेकांचा फोन उचलत नाही. कागदावर माणूस जरा दमानं बोलतो. म्हणून लग्न होईस्तोवर पत्रच लिहायचं ठरवलं आहे. पुण्याला जाणाऱ्या ट्रॅव्हल्सचा ड्रायव्हर माझा विद्यार्थी आहे, तो पाकीट पोहोचवीन म्हणाला.

लग्नाची व्यवस्था बघणाऱ्या तुमच्या अर्पिता मॅडमनी पाठवलेला फॉर्म भरून राह्यलो. नाव, वय, आधार क्रमांक, व्हेज की नॉनव्हेज, आणि शेवटी 'विशेष सूचना' असा रकाना. त्यात सगळ्यांपुढं 'सकाळी चहा दोनदा लागतो' असं लिहून टाकलं. मुख्याध्यापक होतो तेव्हा पंचायत समितीचे एवढे फॉर्म भरले, पण त्यांनी कधी चहाचं विचारलं नव्हतं.

एकूण बावन्न माणसं झाली. यादीत पहिलं नाव कांताअक्काचं घातलं आहे. तिचे गुडघे दुखतात, तेव्हा खोली खालच्या मजल्यावर पाहिजे. आष्टीच्या आबारावाच्या पप्पूची बस ठरवली. पहाटे निघून ताम्हिणीच्या घाटानं संध्याकाळपर्यंत दापोलीला पोहोचू म्हणतो. शुक्रवारी निघायचं, शनिवारी तिथं आराम आणि हळद, रविवारी बावीस डिसेंबरला लग्न. गावातल्या निम्म्या माणसांनी समुद्र पाहिलेला नाही. परवा एकानं मला विचारलं की समुद्राला जाताना चप्पल घालायची का सोडायची. मी म्हटलं, दोन्ही कर.

रिसॉर्टवाल्याशी दराचं पक्कं करून घे. माणसं जास्त असली की दर उतरतो, हे तूच सांगितलं होतंस. आमची बावन्न धरून बोल.

लोभ आहेच. उत्तर जल्दी पाठवलंस तर वाढेलसुद्धा.

तुझा,
अप्पा

*

पुणे
१५ ऑक्टोबर २०२४

ती. अप्पा यांस,
सप्रेम जयभीम. वि. वि.

पत्र मिळालं. चहाची सूचना वाचून अर्पिताचा मला फोन आला, तिला वाटलं चुकून सगळीकडे एकच ओळ पडली.

आता जे लिहिते ते शांतपणे वाचा. रिसॉर्टमध्ये एकूण चाळीस खोल्या आहेत. सगळ्या आपणच घेतल्या म्हणून दर बराच खाली आला. पण राजानंदचे पुण्यातले नातेवाईक, त्याच्या ऑफिसची माणसं आणि माझ्या हॉस्पिटलचे फिजिओथेरपीचे सहकारी एवढे सगळे धरले तर खोल्या पुरत नाहीत. त्याच मालकाचा एक लॉज दापोली गावात आहे, समुद्रापासून आठ किलोमीटरवर. राजानंदच्या आई, पुष्पाबाई, म्हणाल्या की वाटूरच्या मंडळींची सोय तिथं करू. त्यांनाही मोकळं वाटेल, टेबलावरच्या काट्याचमच्यांचं दडपण येणार नाही, त्यांच्या आवडीचं जेवण तिथंच बनेल. बस त्यांना कार्यक्रमाला आणून सोडेल आणि परत नेईल.

लॉज स्वच्छ आहे, मी फोटो बघितले. तुम्ही आणि आत्या मात्र रिसॉर्टवरच असाल, तेवढं मी आधीच सांगून ठेवलं आहे. अप्पा, दोनच रात्रींचा प्रश्न आहे. हो म्हणा. मला लग्नाच्या आधीच सासरी वाद नको आहे.

आत्याला माझा जयभीम सांगा. गुडघ्याचे व्यायाम करते का तेही विचारा. ती हो म्हणाली तरी विश्वास ठेवू नका.

तुमच्या 'हो'ची वाट बघणारी,
दीपमाला

*

वाटूर
२१ ऑक्टोबर २०२४

चि. दीपमाला हिस,
सप्रेम जयभीम.

तुझं पत्र तीनदा वाचलं. उत्तर 'नाही' असं आहे. आता कारण लिहितो.

शेजारच्या गावच्या शाळेत मी मुख्याध्यापक असताना कांताअक्काला तिथं खिचडी शिजवायचं काम मिळालं, तेव्हा तू पाच वर्षांची होतीस. पहिल्याच आठवड्यात निम्मी पोरं घरून डबे आणू लागली. पालक सांगायचे, पोराला खिचडी सोसत नाही. मी वर अर्ज करायला निघालो होतो. अक्कानं मला थांबवलं. ती रोज सगळ्या पटाची खिचडी शिजवायची, एका मुलाचीही कमी नाही. उरलेली मोठ्या पातेल्यात झाकून पटांगणात सगळ्यांना दिसेल अशी ठेवायची. अडीच महिने असं चाललं. मग पावसाळ्यात एक दिवस एक पोरगा डबा न उघडताच तिच्यापुढं ताट घेऊन उभा राहिला. दिवाळीपर्यंत सगळे डबे बंद झाले.

वेगळी पंगत काय असते ते आम्हाला सांगावं लागत नाही. तिला काय नाव दिलंय यानं फरक पडत नाही. तिथं खिचडी सोसत नव्हती, इथं काट्याचमच्यांचं दडपण आहे. आणि तुझ्या सासरची मंडळी आपल्याच समाजाची आहेत, म्हणून ते जास्त लागलं.

अप्पा आणि आत्या रिसॉर्टवर, बाकीचे पन्नास लॉजवर, हे तुला सुचलंच कसं? आम्हाला एकही खोली नको. आम्ही शनिवारी निघू, वाटेत कुठंही टेकू, रविवारी सकाळी मांडवात उभे राहू, त्रिशरण-पंचशील म्हणू, तुमच्यावर फुलं टाकू आणि पाणी पिऊन परत फिरू. बावन्नच्या बावन्न.

राग आहे. माया त्याच्या खाली आहे, ती कुठं जात नाही.

अप्पा

*

वाटूर
२४ ऑक्टोबर २०२४

माझ्या दीपीला,
आत्याचा जयभीम आन् गालावरून हात.

मी चौथी शिकलेली, अक्षर वाकडं हाये, समजून घे. फोनवर मला आता बराबर ऐकू येत न्हाई, म्हणून लिहून राह्यले. तुझ्या बापाला सांगितलं न्हाई. पाकीट पप्पूजवळ देते.

तुझं पत्र त्यानं मला वाचून दाखवलं आन् त्याचं उत्तर बी वाचून दाखवलं. त्याला वाटलं मी शाबासकी देईन. मी दिली न्हाई. तो म्हणतो पाणी पिऊन परत फिरू. मंग हाटेलात कोण राहील? ज्यांना आपण नको होतो तेच राहतील आन् म्हणतील, बघा, आपोआप मोकळं झालं. पुरुषाचा राग असाच असतो, रुसून घरी बसायचं आन् समोरच्याची सोय करून द्यायची.

मी खिचडीचं पातेलं घरी न्हेलं असतं तर पोरं आजून डबेच खात राह्यली असती.

तवा ध्यानात ठेव. मी येणार. लॉजवर बिलकुल राहणार न्हाई, समुद्राच्या हाटेलातच राहणार. पण मला एकटीला खोली दिली तर त्या खोलीत पाऊल टाकणार न्हाई. मह्यासंगं आपली सगळी माणसं पाहिजेत. पलंग कमी पडले तर गाद्या खाली टाकू. हे कसं जमवायचं ते तू बघ, एवढी शिकलीस ती कशाला?

एकच विचारते. हळदीच्या दिवशी तू कुठं झोपणार हायेस? त्यांच्यात का आमच्यात? याचा विचार कर आन् मंग मला कळव. तुझ्या सासूवर चिडू नको. आधी सोताला विचार, तू हो का म्हणालीस.

व्यायाम करते. खोटं न्हाई, एक दिवसाआड करते.

तुला कडेवर वाढवलेली,
कांताआत्या

*

पुणे
८ नोव्हेंबर २०२४

ती. अप्पा आणि ती. आत्या यांस,
सप्रेम जयभीम. वि. वि.

हे पत्र दोघांना मिळून आहे. अप्पा, आत्याला मोठ्यानं वाचून दाखवा, आणि तिचं मला एक पत्र आलं होतं हेही आता तुम्हाला कळू दे.

आत्या, तुझं पत्र मी दोन दिवस पर्समध्ये घेऊन फिरले. मी हो का म्हणाले, ते सांगते. पुष्पाबाई बोलल्या तेव्हा माझ्या डोळ्यांसमोर आपली माणसं त्या काचेच्या जेवणघरात आली, आणि मलाच लाज वाटली. त्यांनी फक्त तोंडानं म्हटलं. मनात माझ्याही होतं. हे लिहायला जड जातं, पण लिहिते.

दिवाळीच्या सुट्टीत राजानंद, मी, पुष्पाबाई आणि अर्पिता असे चौघं दापोलीला खोल्या पक्क्या करायला गेलो. अर्पितानं तपासायला म्हणून लॉजची यादी माझ्या हातात दिली. आपल्या पन्नास नावांच्या खाली आणखी चौदा नावं होती, सगळी जाफराबादची. पहिलंच नाव गिरिजाबाई, वय अठ्ठ्याहत्तर. ही राजानंदची सख्खी आजी, त्याच्या वडिलांची आई. त्याला घरात सांगितलं होतं की आजीला प्रवास सोसत नाही, ती येणार नाही. मग तिथूनच त्यानं जाफराबादला फोन लावला. आजी म्हणाली, तिची पिशवी दिवाळीआधीपासूनच भरून ठेवलेली आहे.

मी पुष्पाबाईंना सरळ सांगितलं, "वाटूर आणि जाफराबाद लॉजवर असतील तर नवरीही लॉजवरच राहील. हळद तिथंच लागेल आणि तिथूनच मी मांडवात येईन." राजानंद म्हणाला की मग नवरदेवालाही तिथंच एक खोली बघा.

पुष्पाबाई रडल्या, अप्पा. म्हणाल्या की तीस वर्षं कॉलनीत जपून राहिलो, कुठून आलो ते कुणाला विचारू दिलं नाही, आणि आता तुम्ही सगळ्यांदेखत तेच उघडं करणार. मला त्यांचा राग येईना, कारण ती भीती मला नवी नव्हती. पण मी मागेही हटले नाही. म्हटलं, आपण कुठून आलो ते लपवून ठेवलं तर आपण आलो तरी कशाला?

नंतर मी आणि राजानंद मॅनेजरसमोर बसलो आणि दोन्ही याद्या एक केल्या. वाटूर, जाफराबाद, पुणे असे गट काढून टाकले. आधी म्हातारी माणसं खालच्या मजल्यावर, मग लहान मुलांवाली कुटुंबं, मग बाकीचे. मॅनेजरनं हळूच विचारलं की गावाकडची मंडळी खोलीत स्टोव्ह तर पेटवणार नाहीत ना. मी म्हटलं, पुण्याच्या मंडळींबद्दल हे विचारलं होतं का? त्यानं मान खाली घालून नावं लिहायला घेतली.

खोल्या कमी पडल्या त्या माझ्या हॉस्पिटलच्या आणि राजानंदच्या ऑफिसच्या माणसांसाठी. तेवीस जण आहेत. ती सगळी आता लॉजवर राहतील. मी एकेकाला फोन करून कारण सांगितलं. एकानं कुरकुर केली, बाकीचे म्हणाले की झोपायला काय, कुठंही चालेल.

पुष्पाबाई त्या दिवसापासून माझ्याशी बोललेल्या नाहीत. लग्न त्याच तारखेला आहे.

आत्या, मी हळदीच्या दिवशी तुमच्यात झोपणार आहे.

तुमची दोघांची,
दीपमाला

*

वाटूर
१४ नोव्हेंबर २०२४

चि. दीपमाला हिस,
सप्रेम जयभीम व आशीर्वाद.

तुझं पत्र मोठ्यानं वाचायला घेतलं, पण लाज वाटल्याचं जिथं लिहिलंस तिथं कागद अक्काच्या हातात दिला. पुढचं अक्कानं स्वतः वाचलं. हळू वाचते, पण एक अक्षर सोडत नाही.

तुला मी फार टोचून लिहिलं. त्याबद्दल माफी मागणार नाही, कारण त्यामुळंच काम झालं असं मला वाटतं. अक्का म्हणते की माझ्यानं नाही, तिच्या पत्रानं झालं. यावर घरात चार दिवस वाद चालू आहे.

पप्पू जाफराबादच्या मंडळींना जालन्याच्या बसस्टँडवर घेणार. एका बसमध्ये सहासष्ट माणसं मावत नाहीत, म्हणून त्याच्या मित्राची दुसरी लहान गाडी घेतली. गिरिजाबाईंना पुढची सीट ठेवली आहे.

राजानंदला सांग, त्याच्या भावी सासऱ्याला तो आवडला. मांडवात सांगितलं असतं, पण तिथं जमेल की नाही कोण जाणे.

लोभ दोघांवर सारखाच.

अप्पा

*

वाटूर
३० डिसेंबर २०२४

चि. सौ. दीपीला आन् राजानंदला,
आत्याचा जयभीम.

तुम्ही दोघं फिरून आल्यावर हे पत्र मिळेल. आम्ही सुखरूप आलो. घाटात चौघांना उलट्या झाल्या, त्यात तुझा बाप एक. तो कुणाला सांगणार न्हाई, म्हणून मी सांगते.

समुद्र बघितला. माणसं पहिल्या दिवशी लांबच उभी राह्यली, दुसऱ्या दिवशी बायकांनी एकमेकींचा हात धरून गुडघ्याएवढ्या पाण्यात पाय टाकले. जेवणघरात कुणाचं काही अडलं न्हाई. काटे बाजूला ठेवले आन् हातानं जेवलो. आमच्या शेजारच्या टेबलावरचा एक पुण्याचा साहेब आमच्याकडं बघून बघून शेवटी सोता बी हातानंच जेवला.

आता जे तुला ठाऊक न्हाई ते लिहिते. रविवारी सकाळी तू वर तयार होत होतीस. मी आन् गिरिजाबाई, आम्ही दोघी एकाच खोलीत होतो, आवरून मांडवात गेलो. समुद्राच्या बाजूला पहिल्या ओळीत पांढऱ्या सोफ्यासारखी बाकडी मांडली होती. आम्ही त्यातल्या एकावर जाऊन बसलो. थोड्या येळानं हाटेलाचा माणूस आला, बोलायला चांगला होता. म्हणाला, ही ओळ फोटोसाठी ठेवली हाये, माघं खुर्च्या हायेत. गिरिजाबाईनं त्याला इचारलं की फोटोत माणसं नसतात का. तो गेला आन् तुझ्या सासूला घेऊन आला.

ती आल्ती जरीच्या साडीत, पण तोंड उतरलेलं. रात्रभर झोपली नसावी. तिनं हळू आवाजात सासूला सांगितलं की माघं सावली हाये, तिथं बरं वाटेल. गिरिजाबाई म्हणाली, "सूनबाई, हितनं महा नातू सरळ दिसतो. मी हितंच बसणार हाये."

माघली सगळी माणसं बघून राह्यली होती. पुण्याची बी आन् आपली बी. मला वाटलं आता भांडण लागतं. मी गिरिजाबाईचा हात धरून तशीच बसले. तुझ्या सासूनं माघं वळून सगळ्यांकडं बघितलं. मंग ती हाटेलाच्या माणसाला म्हणाली की तुम्ही जा, या दोघी माझ्या घरच्या हायेत.

आन् आमच्या बाकड्यावर तिला बसायला जागा नव्हती. आम्ही दोघी जराशा सरकलो, मधी जागा केली. उठलो मात्र न्हाई.

तवा तुमची वरात आली.

तुझी,
कांताआत्या