सोडलेला पेपर

सर, तुमाले जाऊन बहुत वर्षं झाले. तुमच्या शोकसभेले मी आलो होतो, पण भाषणं ऐकून मधातच उठलो. सगळे म्हणत होते, सरांनी पोट्टे घडवले. उभ्या नोकरीत तुमच्या टीमले एक कप भेटला नाई, हे कोणी बोललं नाई. उगाच हारतुरे.

आपलं कॉलेज केवढंसं. पावसाळा सरला की फुटबॉल, उन्हाळ्याच्या तोंडावर बेसबॉल, आन दोन्ही टीममधे पोट्टे तेच. फुटबॉलले गोलकीपर मी, बेसबॉलले बॅटवाल्याच्या मागं बसून बॉल झेलणारा बी मीच. बेसबॉल तर तुमी सोता कधी खेळलेच नव्हते. वरून सामान आलं, प्रिन्सिपल म्हणाले टीम काढा, तुमी काढली. पहिल्याच दिवशी तुमी ग्लोव्ह उलट्या हातात घातला आन आमी हसलो. सगळ्यांले मैदानाचे चक्कर मारायले लावले, आन मागून तुमी बी धावले.

मी बीए फायनलले होतो तवा टीम कधी नाई एवढी जमली होती. पास झालो की कॉलेज सुटणार, म्हणजे खेळ बी सुटणार. तवा बहुतेक कोच जे करत, तेच तुमी केलं. टपरीवर चहा पाजला आन दुसरीकडं पाहत म्हणाले, "एक पेपर सोडून दे गा. अजून एक साल भेटते." मी इतिहासाचा सोडला. तो दिवस अजून दिसते. सगळे पोट्टे पेपर लिहून राहिले, मैदान रिकामं, मी गोलमधे उभा, तुमी किका मारून राहिले.

पुढच्या साली फायनल हरलो. बॉल माह्या हाताले लागून आत गेला. तुमी रागावले नाई, माह्या सुजलेल्या बोटाले पट्टी बांधत बसले. मग बाप खाटेवर पडला, मी इतवारीच्या बाजारात भांड्याच्या दुकानात लागलो, आन पेपर राहिला तो राहिलाच.

रिटायर झाल्यावर तुमी दुकानात आले, कोणाच्या तरी आहेराले डबा पाहिजे म्हणून. बाहेर हातठेले अडकलेले, गिऱ्हाईक माह्या डोक्यावर. त्या गर्दीत तुमी बोलले, "तुह्या पेपराचं मनातून जात नाई गा. मी तुहं नुकसान केलं." मी म्हणालो, "सर, डबा लहान देऊ का मोठा?" तुमी लहान घेतला. मले वाटलं, बोलू कधी निवांत. त्याच थंडीत तुमी गेले.

आता माही नात त्याच मैदानावर फुटबॉल खेळते. यंदा तिची फायनल आन परीक्षेचा पेपर एकाच दिवशी आले. तिच्या कोचचा फोन आला, पेपर पुढच्या खेपेले देता येते म्हणे. माहा पोरगा म्हणाला, बाबा सांगतील तसं. मी तिले स्कूटरवर बसवलं आन परीक्षेच्या गेटात सोडलं. पेपर सुटेपर्यंत बाहेर उन्हात उभा राहिलो, पळून जाईल म्हणून. तिकडं तिची टीम हरली. बहुत दिवस पोट्टी माह्याशी बोलली नाई.

काल जेवताना बोलली. "आबाजी, खरं सांगा. पप्पानं सांगितलं, तुमी बी एक पेपर सोडला होता. त्याचा पस्तावा होते तुमाले?"

मी म्हणालो, हाव. रोज होते. तिनं मान हलवली आन माह्या ताटात भाकर वाढली.

हा कागद टाकायले पत्ता नाई, एवढं मले समजते. पण त्या दिवशी दुकानात डब्याचं इचारायच्या जागी जे सांगायले पाहिजे होतं, ते आता सांगतो. नातीशी मी खोटं बोललो, सर.