आपला पाट शेवटी

प्रिय अण्णा,

शनिवारी रोह्याच्या कॉलेजात मला तुमच्यावर बोलायचंय. कॉमर्सच्या पोरांपुढे. विषय त्यांनीच दिलाय, 'मूल्यं जपून यशस्वी झालेला उद्योजक.' मी भाषण लिहितेय आणि फाडतेय. तुमच्याबद्दल तुमच्या पाठीमागे बोलायला जमतच नाहीये. म्हणून आधी तुम्हालाच लिहिते.

उद्योजक म्हणे! हा शब्द ऐकून तुम्ही हातावरची माती झटकत मागे वळून बघितलं असतं, कोण आलंय ते.

मी तत्त्वज्ञान घेऊन बीए करते म्हटल्यावर तुम्ही आईला हळूच विचारलं होतंत, त्याची नोकरी असते का. मग माझी पहिली गोष्ट वाचलीत, मधूनच कुठूनतरी सुरू होणारी, आणि म्हणालात, "गोष्टीला आधी बसायला पाट दे गो. मग काय ती नाचव."

पाट! तुमचं सगळं तत्त्वज्ञान त्या एका फळीवर मावायचं, हो ना? आषाढ लागला की गावागावांतून माणसं घरचा पाट घेऊन पेणला आपल्या कारखान्यात यायची. त्या पाटावर त्यांचा गणपती बसवायचा. तुम्ही पाट दोन्ही हातांनी घ्यायचात, उलटा करून खडूनं घराचं नाव लिहायचात. पावती नाही, सही नाही. एकदा घेतला की विषय संपला.

मुंबईचा तो व्यापारी आठवतो? अख्खी शेड भरेल एवढी ऑर्डर घेऊन आला होता. फक्त हे गावचे पाट यंदा परत करा, म्हणाला. तुम्ही त्याला चहा पाजलात आणि पाटांच्या रांगेसमोर उभं केलंत. "ह्यातल्या कुठल्या घरी जाऊन नाय म्हणून सांगू, ते तुम्हीच दाखवा." तो ऑर्डर न देताच गेला. पुढच्या वर्षी तोच परत आला, आपल्याला जमेल तेवढीच ऑर्डर घेऊन. आपली दुसरी शेड त्याच्याच कामावर उभी राहिली. कॉलेजवाल्यांना हीच गोष्ट हवीय. टाळ्या पडतील.

पण पुढचं कसं सांगू?

गेल्या श्रावणात पनवेलच्या डॉक्टरांनी लगेच ॲडमिट व्हा म्हणून सांगितलं. तुम्ही मान डोलावलीत, आणि एसटीत बसल्यावर मला म्हणालात, "पाट घेतलेत गो. चतुर्थी होऊन जाऊदे." आई रडली. सुध्यादादा, मिसरूड फुटल्यापासून तुमच्या हाताखाली घडलेला, तो म्हणाला मी बघतो सगळं, तुम्ही जा. तुम्ही त्याच्यावरच उखडलात. डोळ्यांची आखणी मीच करणार, लोकांनी पाट माझ्या हातात दिलाय.

त्याला डोळे रंगवता येत नव्हते का, अण्णा? तुम्हीच तर शिकवलं होतंत! तुम्हाला शब्द पाळायचा होता, की तो दुसऱ्या कुणाच्या हातून पाळला गेलेला चालत नव्हता?

हे विचारायचं राहूनच गेलं.

सगळे पाट वेळेत गेले. आपला नेहमीसारखा शेवटी. मालकाचा गणपती उरलेल्या मातीचा, हा तुमचा नियम. गेल्या वर्षी माती थोडीच उरली होती. तुमच्यात जीवही तेवढाच. गणपती ओंजळीत मावेल एवढा केलात. डोळे आखताना हात थरथरला आणि एक भुवई वर गेली. "बघ कसा बघतोय, काहीतरी विचारल्यासारखा," म्हणून हसलात.

पितृपक्ष लागला आणि तुम्ही गेलात. दवाखान्यात न्यायची पिशवी आईने कधीची भरून ठेवलेली. ती तशीच खुंटीला होती.

प्रत्येक पाट म्हणजे एक घर, असं म्हणायचात ना? मग आमचं घर?

यंदा शेड भाड्याने देऊन टाकू, असं आईचं ठरत आलं होतं. मीही हो म्हटलं होतं. आणि काल गागोद्याच्या पार्वतीकाकी आल्या, काखेत पाट. मी म्हटलं, काकी, अण्णा नाहीत आता.

"ठाऊक हाय. तेराव्याला जेवून गेलेय मी," त्या म्हणाल्या. "तुझा बापूस गेला म्हणून माझ्या गणपतीनं उभ्यानं राहायचं काय गो?"

आणि पाट पुढे धरला.

सुध्यादादा माझ्या मागे उभा होता. मी पाट दोन्ही हातांनी घेतला. केवढा जड असतो, अण्णा! कधी सांगितलं नाहीत. मग तो सुध्यादादाच्या हातात दिला. काकी बघत होत्या. त्यांना चाललं.

शनिवारी त्या पोरांना मी व्यापाऱ्याची गोष्ट सांगेन, आणि खुंटीवरच्या पिशवीचीही. दोन्ही तुमच्याच आहेत. एक लपवून दुसरी सांगणं तुम्हाला आवडलं नसतं.

शेड भाड्याने जाणार नाही, हा माझा शब्द. पण डोळे सुध्यादादा आखेल. आणि आजारी माणूस कारखान्यात बसणार नाही, मग पाट कुणाचाही असो.

अजून एक. आपला पाट मी आज धुतला, खाली खडूनं तुमचं नाव लिहिलं. यंदा माती मळली की पहिला गोळा त्याच्यावर. रागावू नका.

तुमचीच,
मनू