मालकाचा रकाना

३ डिसेंबर १९८२
आज जळकोटजवळच्या या गावी आनंदाने रुजू झालो. लातूर जिल्हा नवा. जुन्या दप्तरांची वाटणी अजून चालूच आहे. खासगी मातीच्या बंधाऱ्यांची यादी नव्याने करण्याचे काम माझ्याकडे आले. किती नेटके काम! बंधाऱ्यागणिक एक तक्ता: लांबी, उंची, सांडवा आणि शेवटी मालक. बंधारा फुटल्यास जबाबदार कोण, हे त्या शेवटच्या रकान्यावरून ठरते. सिद्धम्मा नावाच्या वृद्ध बाईंकडे खोली मिळाली. संक्रांतीनंतर पत्नी इंदूला नांदेडहून आणीन.

४ डिसेंबर
बंधारा पाहिला. दुष्काळाने तलाव कोरडाठाक, तळाला हातभर भेगा. तरीही बंधाऱ्याच्या पायथ्याशी पाझर वाहतो! पाझराचे शास्त्र सोपे आहे. नितळ पाझर निरुपद्रवी. गढूळ पाझर म्हणजे पाणी आतली माती वाहून नेत आहे आणि बंधाऱ्याच्या पोटात पोकळी होत आहे. हा नितळ आहे. मात्र वर थेंब नसताना पाणी येते कोठून? जुना ओलावा असावा.
मालक विचारला, तर पारावरचे सिद्रामप्पा म्हणाले, आमचा न्हाई बुवा, वीरण्णाचा हाय. वीरण्णा कोठे आहेत? पाझर बघाया गेला. एवढे बोलून ते पारावरून उठून गेले. जुन्या नोंदवहीत मालक म्हणून तीन नावे आहेत, तिन्ही खोडलेली.

६ डिसेंबर
रकाना कोरा असला की कार्यालय तक्ता परत पाठवते. म्हणून तात्पुरती सोय म्हणून माझेच नाव लिहिले: रेणुकादास. हे कळताच घरोघरून नारळ आले. सिद्रामप्पांनी हात जोडले. धनी गावला, आता आमी सुटलो म्हणाले. मला हसू आले.

९ डिसेंबर
पाझर गढूळ झाला. बाटलीत भरून ठेवला. तासाभरात बोटभर गाळ बसला. बंधाऱ्याच्या माथ्यावर लांबट खळगा पडला आहे. टेपाने मोजला: लांबी पाच फूट सात इंच, रुंदी दीड फूट.

१० डिसेंबर
माझी उंची पाच फूट सात इंच आहे.
सिद्धम्मांना मापे सांगितली. त्या म्हणाल्या, वीरण्णा ठेंगणा होता, तवा खळगा बी ठेंगणाच पडला होता. मानूस गेला की गाव नाव खोडतं, बाकी काय बी करत न्हाई. मग त्या हळूच म्हणाल्या, माझं नाव लिवा सायेब, म्हातारीचं काय राहिलंय आता.
मी लिहिणार नाही.

११ डिसेंबर
काल रात्री माझे नाव मीच खोडले. सकाळी पान ओले, रेघ विरघळलेली, नाव जसेच्या तसे.
दुपारच्या एसटीसाठी निघालो. सरळ सडकेने चाललो — वळलो नाही, खात्रीने सांगतो — आणि पोहोचलो बंधाऱ्यावर. बुटांत गाळ.

१२ डिसेंबर, सकाळ
खोलीच्या फरशीतून पाझर. गढूळ.

दुपार
पुन्हा बंधाऱ्यावर. कसा आलो —
सिद्धम्मा मागून आल्या. पेन मागत आहेत. दिले नाही. रोजनिशी मात्र त्यांच्याकडेच देईन —
पुढच्या साहेबांस: रकाना कोरा ठेवा. तक्ता परत येईल, येऊ द्या.
पाय आत. माती उबदार — माप अचूक, डोकेही टेकते —
सिद्धम्मा पायथ्याकडे पाहून रडत आहेत. म्हणतात, पाणी बदललं.
इंदूला कळवा, पाझर आता नित—