बिननावाची डबी

आई,

दुकानाचं शटर अर्धं खाली ओढून बसलोय. दुपारचे दोन वाजलेत, या वेळेला भिंगारच्या बाजारात कुणी फिरकत नाही. चार वाजता मला एका मुलीला घेऊन नगरला कातडीच्या डॉक्टरीणबाईंकडं जायचंय. ती कोण, ते सांगतोच. तिचे दोन्ही गाल भाजल्यासारखे लाल झालेत, आणि ते माझ्या दुकानातल्या क्रीममुळं, एवढं तिला माहीत आहे. त्यापुढचं माहीत नाही. ते सांगितलं तर ती पुन्हा माझ्या दुकानाची पायरी चढणार नाही. न सांगता तिच्या शेजारी डॉक्टरसमोर बसायचं, तर तेही मला झेपेल असं वाटत नाही. दोन दिवस घोकतोय. तिच्यासमोर तोंड उघडलं की भलतंच काहीतरी बाहेर पडतं. म्हणून आधी तुला लिहून बघतो. तुला जाऊन नऊ वर्षं झाली. तू मध्येच तोडणार नाहीस.

हे दुकान म्हणजे तुझाच कटलरीचा धंदा. तू टिकल्या, बांगड्या, पावडर, नेलपॉलिश दोन पत्र्याच्या पेट्यांत भरून टेम्पोनं आठवडी बाजार करायचीस, मी एका जागी बसतो, एवढाच फरक. पण लोकांना आठवतो तो तुझा डावा हात. मनगटापासून कोपरापर्यंत लिपस्टिकच्या रेघा, मरून, गुलाबी, विटकरी. नवा रंग आला की आधी तुझ्या हातावर. आणि क्रीम किंवा पावडर असेल तर ती एका बाजारापासून पुढच्या बाजारापर्यंत, आठ दिवस, तुझ्या कानामागं. त्याशिवाय ती पेटीतून बाहेर यायची नाही. शाळेत पोरं मला म्हणायची, तुझ्या आईचा हात म्हणजे रंगपेटी आहे. मी तुला एकदा सांगितलं होतं, पालकसभेला लांब बाह्यांचं घालून ये. तू होतीस तशीच आलीस आणि बाईंसमोर तोच हात पुढं करून माझ्या मार्कांवर बोट ठेवलंस. मी घरी येऊन दप्तर फेकलं होतं. फेकायची सवय तेव्हापासूनची.

तिसगावच्या बाजारात बायका तुझ्याभोवती उकिडव्या बसायच्या. एखादी विचारायची, "मावशी, ही लावून मी गोरी व्हईन का?" तू म्हणायचीस, "गोरं व्हायला इंग्रजाच्या पोटी यायला पायजे हुतं बाई. ही लावून तोंड फुटायचं न्हाई, एवढं मी सांगते." मग पदर सारून कान दाखवायचीस. "हे बघ, आठ दिस झाले. खाज न्हाई, फोड न्हाई." त्या हसायच्या आणि घ्यायच्या.

त्याच बाजारातला तो दिवस मी विसरलेलो नाही. मी सातवीत होतो. तू मला पेटीजवळ बसवून पाणी प्यायला गेली होतीस. आदल्या दिवशी एक फिरता विक्रेता नमुना म्हणून दोन पांढऱ्या डब्या देऊन गेला होता. वर झाकण, आत पिवळट मलम, बाहेर एक अक्षरही नाही. तू त्या पेटीच्या तळाशी घातल्या होत्यास. नवीन लग्न झालेली एक बाई आली, गोरं व्हायचं काही आहे का म्हणाली, आणि मी मोठ्या ऐटीत त्यातली एक काढून दिली. तू परत आलीस तेव्हा मी शाबासकीची वाट बघत होतो. तू पेटी शेजारच्या बांगडीवाल्या चाचांच्या हवाली केलीस, माझं मनगट धरलंस आणि निघालीस. मिरच्यांच्या ढिगांमधून, शेळ्यांच्या बाजारातून, मला खोकला लागलेला, तू थांबली नाहीस. ती बाई एसटीत चढायच्या बेतात होती. तू तिच्या पिशवीतून डबी मागून घेतलीस. ती चिडली. "आता दिली ना पोरानं? परत कशाला मागता? दुसऱ्या कुनाला द्यायची हाय व्हय?" तू म्हणालीस, "कुनालाच न्हाई द्यायची. हिच्यावर बनवनाराचं नाव न्हाई. उद्या तुझं तोंड सुजलं तर तू कुनाच्या दारात जाशील?"

येताना तू मला मारलं नाहीस. मी म्हणालो, "मग तू आठ दिवस लावून बघायची ना." तेव्हा तू थांबलीस. म्हणालीस, "लावल्यावर समदंच गोड दिसतंय. सोडल्यावर काय हुतंय, ते बघायचं असतंय. आन् ते आठ दिसात दिसत न्हाई."

आता ती. कॉलेजात माझ्या वर्गात होती, बीएस्सीला. आम्ही दोघं भिंगारहून एकाच शेअर रिक्षानं जायचो, त्यातून जे व्हायचं ते झालं. दुसऱ्या वर्षाला तिच्या भावाला कळलं आणि तिचं कॉलेज बंद झालं. मी त्याला गेटवर गाठला. तो शांतपणे म्हणाला, "आरशात रंग बघितलास का कधी स्वतःचा? तिच्याशेजारी उभा राहिलास तर लोक म्हणतील सामान उचलायला आणलाय." मी त्याला मारलं. त्यानंही मारलं. प्राचार्यांनी पप्पांना बोलावलं, पप्पा एसटी डेपोतून अर्धी रजा टाकून आले आणि हात जोडून उभे राहिले. ते मला बघवलं नाही. ती येत नव्हती, मग मी तरी कशाला जायचं. परीक्षेला बसलोच नाही. यात शहाणपण काहीच नव्हतं, हे मला तेव्हाही माहीत होतं.

सहा महिन्यांनी ती नगरच्या एका साडीच्या दुकानात काउंटरला लागली. मी हे दुकान टाकलं. एक दिवस ती समोर उभी. म्हणाली, "रोज लावायला काहीतरी दे. लग्नात थापतात तसलं नको. मालक म्हणतो, काउंटरची मुलगी फ्रेश दिसली पाहिजे. नऊ तास टिकलं पाहिजे आणि लावलंय असं दिसता कामा नये."

"दिसायचंच नसेल तर लावायचं कशाला?"

"तू विकायला बसलायस का वाद घालायला?"

त्यानंतरचे दोन महिने माझ्या आयुष्यातले सगळ्यात चांगले होते. मी तिच्यासाठी माल तपासायचो, तुझ्यासारखा. सनस्क्रीन लावून दुपारी गच्चीवर उभा राहायचो. पहिलं घामाबरोबर डोळ्यात उतरलं, दुसऱ्यानं हातावर राख फासल्यासारखा पांढरा थर आला, तिसरं बरं निघालं. काजळ एका डोळ्याखाली लावून झोपायचो, सकाळी पसरलंय का बघायला. लिपस्टिक ओठाला लावून चहा प्यायचो आणि कपाची कड तपासायचो. एकदा पप्पा अचानक आत आले. बघत राहिले. "काय रे, नाटकात काम लागलं का?" मी तडकलो, धंद्याचं काम आहे म्हणालो. "तुझी आई हातावर लावायची," एवढं बोलून ते बाहेर गेले. संध्याकाळी ती यायची, मी सांगायचो, हे चालेल, हे दोन तासांत फाटतं, हे फक्त बोटाच्या टोकावर घे. ती ऐकायची. आमच्या दोघांत बोलायला तेवढंच उरलं होतं आणि ते पुरत होतं.

मग ती डबी आली. नगरच्या ठोक विक्रेत्यानं काउंटरखालून काढली. पांढरी, वर काही नाही. "आठ दिवसांत फरक. माल टिकत नाही माझ्याकडं." मला तिसगाव आठवलं. अगदी स्पष्ट आठवलं. तरी घेतली.

तिला जे माहीत नाही ते आता लिहितो. ती डबी मी तिच्यासाठी आणली नव्हती. माझ्यासाठी आणली होती. दाराला कडी लावून रोज तोंडाला लावायचो. आठवड्यात फरक दिसला. ती आली तेव्हा माझ्याकडं बघतच राहिली, इतकं नीट तिनं मला कधी बघितलं नव्हतं. "चेहऱ्यावर तेज आलंय रे. काय लावतोस?" मी म्हणालो, काही नाही, साबण बदललाय. पण तिला ते तेज आवडलंय हे कळल्यावर मला राहवलं नाही. दुसऱ्या दिवशी तिच्यासाठी दुसरी डबी आणली. म्हणालो, नवीन आलंय, आठ दिवस हातावर लावून बघितलंय, बिनधास्त लाव. तुझा नियम पाळला, असं मी मनात म्हणालोसुद्धा.

महिन्यानं माझी डबी संपली आणि मी लावायचं सोडलं. चौथ्या दिवशी तोंड पेटलं. पाणी लागलं तरी आग, उन्हात गेलं की सुया टोचल्यासारखं, हनुवटीवर पुळ्या. मोबाईलवर शोधलं तेव्हा कळलं, असल्या मलमात स्टेरॉइड मिसळतात आणि सोडल्यावर तोंड असंच पेटतं. त्याच क्षणी तिला फोन करायला हवा होता. पण फोन केला तर विचारणार, तुला कसं कळलं? मग सांगावं लागणार, मी गोरं व्हायचं क्रीम लावत होतो. तिच्या भावानं म्हटलं तेच मी आरशासमोर खरं करत बसलो होतो. मी दाढी वाढवली. ती रोज लावत राहिली. एकदा म्हणालीसुद्धा, "मालक खूश आहे, आता सीझनभर मलाच काउंटरला ठेवणार." मी हसलो. असे अकरा दिवस. मग तिचीही डबी संपली, मी दुसरी दिली नाही.

मी ठोक विक्रेत्याची कॉलर धरली. त्यानं हात झटकला आणि डबी माझ्यासमोर गोल फिरवली. "हिच्यावर माझं नाव आहे का? दाखव." लोक जमले. मी एक खोकं लाथेनं उडवलं आणि बाहेर आलो. दुसरं काय करणार होतो.

परवा ती तोंडाला ओढणी बांधून आली. तिला वाटतंय, मी चांगल्या मनानं दिलं आणि फसलो. म्हणाली, "डॉक्टरांना सांगेन बसस्टँडवरून घेतली. तुझं नाव नाही घेणार. दादाला कळलं तर तो दुकान फोडेल." ती मला वाचवत होती. मी मान डोलावली.

साडेतीन वाजलेत. शटरवर कुणीतरी टकटक करतंय.

वरचं दुपारचं. आता संध्याकाळ झालीय, त्याच वहीत लिहितोय.

तीच होती. वाकून आत आली, स्टुलावर बसली, म्हणाली, "लवकर निघू, नंबर लागतो." मी उभाच होतो. कुठून सुरू करायचं ते दोन दिवस घोकलं होतं, त्यातलं काही आठवलं नाही. म्हणालो, "मी पण लावत होतो. तोंडाला. तुझ्या आधीपासून." तिनं माझ्या दाढीकडं बघितलं. मी पुढचं सगळं सांगितलं, साबणाचं खोटं, आग झाली ते, मोबाईलवर वाचलं ते. मध्ये ती एकदाच बोलली.

"तुझी आग कधी सुरू झाली?"

"मंगळवारी. मागच्याच्या मागच्या."

तिनं बोटांच्या पेरांवर दिवस मोजले. दुसऱ्यांदा मोजले. मला वाटलं रडेल, किंवा समोरचं काहीतरी उचलून मारेल. मी तिच्या जागी असतो तर मारलंच असतं. ती उठली आणि ओढणी पुन्हा बांधली. "चल. दोन केसपेपर काढावे लागतील."

रिक्षात ती मागं दोन बायकांमध्ये बसली, मी पुढं ड्रायव्हरशेजारी. डॉक्टरीणबाईंनी आमचे दोघांचे चेहरे दिव्याखाली धरले आणि विचारलं, कुठून घेतली? ती बसस्टँड म्हणाली नाही. मी सांगितलं, माझं दुकान आहे, मीच दिली. बाईंनी चष्म्यावरून बघितलं. त्या म्हणाल्या, दोघांनाही वेळ लागेल, काही महिने, तिला जास्त. तोवर लिहून दिलंय तेवढंच लावायचं, पावडर नाही, लिपस्टिक नाही, काहीच नाही. तिनं विचारलं, "काउंटरला उभं राहायचं असेल तर?" बाई म्हणाल्या, "उघड्या तोंडानं उभी राहा." बाहेर आल्यावर तिनं औषधं घेतली आणि म्हणाली, "मी माझी जाईन." रस्ता ओलांडून गेली. मी हाक मारली नाही. पुढं काय होईल मला माहीत नाही. तिच्या भावाला मी उद्या स्वतः जाऊन सांगणार आहे, आणि या वेळी हात खिशात ठेवणार आहे.

हे पत्र कुठं टाकायचं नाहीच. पण तिला सगळं सांगितलं, मग तुझ्यापाशी एक राहिलेलं का ठेवू? तिच्या भावाच्या त्या बोलण्याचा राग मी सगळ्यांना सांगतो, पण क्रीम लावायला बसलो की मला तो आठवायचा नाही. तुझ्या माहेरची माणसं आठवायची. मला बघितलं की म्हणायची, पोरगा रंगानं आईवरच गेलाय. आई, तू गेल्यावर तुझं माझ्याकडं तेवढंच उरलं होतं. आणि मला ते नको होतं.