गाठींच्या कडा

३ मार्च
साल्तो शहरात पोहोचले! खिडकीबाहेर संत्र्यांची बाग, आणि इस्पितळातली नवीकोरी एमआरआयची खोली माझ्या हवाली. यंत्र चालवणाऱ्या नेलिदाबाईंनी येर्बाचा कडू चहा पाजला. म्हणाल्या, राजधानीच्या डॉक्टरणी इथं टिकत नाहीत, पण तू गुटगुटीत आहेस, टिकशील.

९ मार्च
आज डॉन फेर्मीन. खाटीक, गुदाशयाचा कॅन्सर. "बाई, जन्मभर मी आतडी धुतली, आता माझी कोण धुणार?" म्हणून स्वतःच हसले. एमआरआयच्या चित्रात गुदाशयाभोवतीच्या चरबीत लसिकेच्या (लिम्फच्या) गाठी दिसल्या. बारीकच, पण कडा कुरतडल्यासारख्या, आतून डागाळलेल्या. सर्जन साबाल्सा म्हणाले, एवढ्याशा दाण्यांना काय भ्यायचं? मी सांगितलं, आकारावर जाऊ नका, कडा बघा, रोग पसरलाय. बरीच हुज्जत झाली. शेवटी आधी रेडिएशन, मग ऑपरेशन असं ठरलं.

२ जून
रेडिएशननंतर डॉन फेर्मीनचा मूळ रोग आक्रसला. गाठी मात्र फुगल्यात, कडा दातेरी झाल्यात. चित्र बंद केलं. जेवण तसंच टाकलं.

११ जून
ऑपरेशन झालं. काढलेल्या गाठी तपासणाऱ्या ओल्मेदोंनी मला बघायला बोलावलं. सुरी लागताच आतून नासलेल्या दुधासारखा चोथा आला, आंबूस, गोडसर वासाचा. तो कलत्या बशीत हळूहळू पसरत होता, उताराच्या उलट बाजूला. एक शिंतोडा फाटक्या हातमोज्यातून माझ्या अंगठ्याच्या चिरेत गेला. ओल्मेदो हसले, धुऊन टाका, कॅन्सर म्हणजे काय सर्दी आहे का लागायला!

१८ जून
डॉन फेर्मीन स्वतःच्या पायांनी घरी गेले. निघताना मला मिठी मारली आणि चटकन मागे सरले. नाक मुरडून म्हणाले, बाई, तुमच्या अंगाला माझा वास येतोय.

१९ जून
कोपराच्या आत गाठ. वाटाण्याएवढी. अंघोळ केली, पुन्हा केली. वास जात नाही —

२३ जून
कोपरात काहीच नाही. काखेत आहे. दाबली की बोटाखालून निसटते. शी —

२४ जून, दुपार
नेलिदाबाईंनी मला यंत्रात निजवलं. चित्रं फरफटलेली. त्या ओरडल्या, "अगं, हलू नकोस ना, सगळं पुसट येतंय!"
मी हलत नव्हते.
मग गाठीचं एक चित्र स्वच्छ आलं. मी उतरून पडद्यावर पाहिलं. त्या कडा नव्हत्या, ते — नेलिदाबाई बाहेर ओकताहेत. मला त्यांना हाक मारता येत नाही. काख रिकामी झालीय. गळ्याशी — गिळता येत नाही — जिभेखाली काहीतरी दात