तोरणाखालची लाल गाडी

कारंजा (घाडगे),
१२ फेब्रुवारी १९५९

प्रिय जंगू,

येत्या सोमवारी तू सुटणार हे समजलं. धुरपताकाकू परवा नागपूरच्या जेलात तुले भेटून आली आणि मोटारीतून उतरली ते घरी न जाता सरळ माह्या दुकानात. तुहा निरोपही तिनंच सांगितला. म्हणे आल्या आल्या तू आधी हरिदासच्या घरी जाणार. एक डोळा फोडला, दुसरा बाकी आहे, आणि या खेपेले जीव घेतल्याशिवाय खाली बसणार नाई. कवडू, तू त्याचा जिवलग, तुहं तो ऐकते, तूच त्याले आवर, नाई तर माहा पोरगा फासावर जाईल, असं म्हणून माह्या ऑइलनं भरलेल्या हातावर तिनं डोकं टेकवलं. साडेतीन वर्षांत मी तुले एक ओळ लिहिली नाई. तू वाचाले शिकला हे ऐकून बरं वाटलं, कारण हे पत्र तुले दुसऱ्या कोणी वाचून दाखवावं असं नाई. जेलर आधी वाचते म्हणतात. वाचू दे लेकाले.

ती गाडी दुकानात आली तो दिवस आठवते काय रे? सरकारनं जमीनदाऱ्या, मालगुजाऱ्या काढून चार वर्षं झालती, आपले मालगुजार सदाशिवराव घरात तोंड पाडून बसले होते, आणि त्याहीच्या पोरानं, हरिदासनं, विलायतेले परत जाणाऱ्या कोण्या साहेबाकडून ती लाल, दोन माणसांची, बिनटपाची गाडी आणली. इतकी बुटकी का बसलं तर ढुंगण रस्त्याले लागते का काय असं वाटे. तू हसून हसून लोळलता. म्हणे कवडूभाऊ, हिच्यापेक्षा आमचा बैलाचा खाचर उंच आहे. पण मी बॉनेट उघडलं आणि माहं हसू गेलं. जन्मभर ट्रकांचे इंजिन उपसले, पण असं नीटस, दोन कार्बोरेटरचं इंजिन मी पह्यल्यांदा पाह्यलं. हरिदास म्हणे, सत्तर मैलाच्या वर हाफते ही, मले नव्वद पाहिजे. दिवाळीनंतर नागपूरकडे एका जुन्या धावपट्टीवर शर्यत होती, तिथं त्याले साहेबलोकांच्या गाड्या मागं टाकायच्या होत्या. मी म्हटलं, नव्वद देतो. कारंज्याच्या सडकेवरचा चौथी शिकलेला मिस्त्री, आणि बोलला असा का जसं हे इंजिन यानंच घडवलं.

आपण दोघं तीन महिने त्या गाडीमागं पागल झालतो. इंजिनवरचं झाकण, हेड, नागपूरच्या लेथवर नेऊन ज्वारीच्या दाण्याएवढं छाटून आणलं, म्हणजे दाब वाढावा. धूर जायच्या वाटा मी रेतीकागदानं घासून घासून आरशासारख्या केल्या. कार्बोरेटरचे जेट मोठे केले, पेट्रोल ढोसाले लावलं तिले. आणि मग चार नळ्या. मूळच्या सायलेन्सरात सगळा धूर कोंडून राहे, इंजिनचा दम तिथंच घुटे. म्हणून चारही सिलिंडरले वेगवेगळी सारख्या लांबीची नळी काढून पुढं एकात जोडायची, हे माह्या डोक्यातलं. पण नळी वाकवावी ती तूच. कोरडी रेती ठासून भरायची, दोन्ही तोंडं लाकडी गुट्ट्यांनी बंद करायची, भट्टीत लाल करायची आणि एका दमात वाकवायची. कुठं सुरकुती नाई, कुठं चपटी नाई. तू रेती कढईत भाजून घ्यायचा, हरभरे भाजल्यासारखी. त्या एका दिवशी मले घाई झाली आणि मी ओलसर रेती भरली. भट्टीत वाफ धरली अन् गुट्टा बंदुकीच्या गोळीसारखा सुटला. तुहे दोन दात गेले, ओठ फाटून हनुवटीवर लोंबला. बापाले, पुनाजीकाकाले, तू सांगितलं, मोहाच्या झाडावरून पडलो. मी बाजूलेच उभा होतो. मी तोंडातून ब्र काढला नाई, आणि तू परत भट्टीपाशी जाऊन बसला. तुहा तो स्वभाव माह्या अंगवळणी पडला रे जंगू. मार तू खायचा आणि मी गप राह्यचं.

गाडी तयार झाली तशी तिचा आवाज ऐकून सडकेवरचे ट्रकवाले थांबून पाहत. सायलेन्सर काढून नुसत्या नळीवर चालवली का छातीत धडधड होई. पण एक खोड राह्यली होती. उभ्या उभ्या चालू ठेवली तर पेट्रोल जास्त होऊन प्लग काळे पडत, इंजिन गुदमरे, आणि बंद पडू नये म्हणून मधून मधून ॲक्सिलेटर दाबून रेस द्यावी लागे. आणि रेस देऊन पाय काढला का नळीत साचलेलं कच्चं पेट्रोल पेटून असा बार उडे का हातभर जाळ मागं निघे. हे फक्त मले अन् हरिदासले ठाऊक होतं. पोळ्याच्या दोन दिवस आधी त्यानं मले सांगितलंही, कवडू, गावात नेशील तवा सायलेन्सरचा डब्बा लावून नेजो, गुराढोरांचा दिवस आहे.

आता पोळा. सगळ्या जगानं आपले बैल सजवले, तर आपल्या गाडीनं काय पाप केलं, ही गोष्ट कोणाच्या डोक्यातून निघाली हे कोर्टानं विचारलं होतं. माह्या. बॉनेटले हळदकुंकू मी लावलं, झेंडूचा हार मी घातला, आणि मानाच्या जोडीच्या बाजूले, तोरणाखाली गाडी उभी केली. डब्बा लावला नव्हता. गावानं ऐकावं, असं वाटलं मले. पुनाजीकाका वीस वर्षांपासून सदाशिवरावांचा सालदार गडी, मानाची जोडी त्याच्याच हाती. आदल्या संध्याकाळी खांदशेकणीले तू स्वतः त्यातल्या लाख्या बैलाच्या खांद्याले तूप चोळलं होतं. काकानं कासरा मनगटाले तीन वेढे देऊन बांधला होता, कारण मानाचा बैल तोरण तुटायच्या आधी हातून सुटला तर वर्षभर गाव तोंड काढू देत नाई. पोळ्याच्या गाण्यांच्या झडत्या सुरू होत्या, एक संपली का दुसरी. गाडी उभी राहून राहून गुदमरायले लागली. रेस दिल्या गेली. बार उडाला.

पुढचं तू पाह्यलं आहे, तरी लिहितो, कारण मी ते रोज पाहतो. साठ जोड्या एकदम उधळल्या. पोरं, बाया, टोपल्या, सगळं पायाखाली. लाख्यानं मान खाली घालून जी धाव घेतली ती काकाले ओढत. वेढे सुटेनात. काका आधी पळत होता, मग घसरत होता, मग नुसता घासत होता. मारुतीच्या पाराले त्याचं डोकं आदळलं तो आवाज मले त्या गलक्यातही वेगळा ऐकू आला. मागून आलेल्या जोडीतल्या एकाचं शिंग त्याच्या पोटात गेलं आणि आतडी बाहेर आली. तू धोतर सोडून ते बांधत होता, दोन्ही हातांनी आत लोटत होता, आणि काका तुह्याकडं नाई, बैलाकडं पाहत होता. काकाचा जीव गेला, मग तू उठला. तोरणाचा खांब उपटला. धुराळ्यातून तुले दिसला हरिदास, लाल गाडीत, स्टेरिंगवर. तू त्याले गचांडी धरून बाहेर काढलं आणि हाणलं. जबडा मोडला, हात मोडला, डोळा गेला. तो पडल्यावरही तू हाणत होता. चार माणसांले तू आवरला नाई. तिकडं गावानं गाडी नाल्यात लोटली, वर वैरणीचं कुटार टाकून काडी लावली. टाकी फुटली तवा सारे आनंदानं ओरडले. मीही ओरडलो.

हरिदास आता ओसरीत बसून राह्यते. तोंड पुरतं उघडत नाई, बायको आंबील पाजते, अर्धी गळ्यावर सांडते. सदाशिवराव त्याच वर्षी गेले. कोर्टात हरिदासनं वाकड्या जबड्यानं काय सांगितलं हे तुले आठवत असेल. तो म्हणे, मी गाडीत नव्हतोच, मी बार झाल्यावर बंद कराले धावलो. सारे हसले. मालगुजाराचं पोरगं आपल्या नव्या गाडीत मिस्त्रीले बसवून स्वतः खाली उभं राहीन, हे कोणाले पटणार? मग वकिलानं मले विचारलं. मी शपथ घेऊन सांगितलं का हरिदासभाऊंच्या डोक्याले मार लागला आहे, त्याहीले आठवत नाई; डब्बा त्याहीनंच काढाले लावला; मी पाण्याची बादली घेऊन मागं उभा होतो. तू पिंजऱ्यातून माह्याकडं पाहून मान हलवली, जशी काय मी तुही बाजू घेतली.

जंगू, गाडीत मी होतो. हरिदास खाली उतरून तोरणाले कुंकू लावत होता, जाता जाता म्हणे बंद कर. मी केली नाई. सगळ्या गावापुढं बंद पडली आणि परत चालू नाई झाली तर मिस्त्रीची इज्जत जाईल म्हणून मी रेस दिली. एकदा नाई, तीनदा. तिसऱ्यांदा पाय काढला. बैल उधळले तसा मी दार उघडून गाडीआड जमिनीवर आडवा पडलो, आणि तो बिचारा जीव धोक्यात घालून इंजिन बंद कराले वर चढला, तितक्यात तू आला. त्याचा डोळा तू माह्यासाठी फोडला. तिथं गाडीखालून मले तुहे पाय दिसत होते. एक हाक मारली असती तर पुरे होतं. आज सकाळी हे सगळं मी धुरपताकाकूले सांगितलं. तिनं पायातली वहाण काढली आणि गिऱ्हाइकांसमोर मले तोंडावर, डोक्यावर, कानावर मारलं, हात थकेपर्यंत. एकही माणूस मधात पडला नाई. मग दम खात म्हणे, हे जंगूले तूच लिही, आजच लिही, त्या हरिदासच्या उंबऱ्यावर माह्या पोरानं पाय ठेवता कामा नाई. म्हणून लिहिलं. उद्या ठाण्यात जाऊन जबानी देतो. त्याहीनं आत टाकलं तर सुटल्यावर माहं दार तुले मोकळं आहे, आणि नाई टाकलं तर सोमवारी दुकान उघडं राहीन, मी कुठं जात नाई. हात जोडून एकच मागतो. माही पोरगी सखू साडेनवाले शाळेत जाते. तू दहा वाजल्यावर येजो.

तुहाच म्हणाले जीभ रेटत नाई,
कवडू