ओझोनच्या कामाची एकच जागा

सर, तुम्हाला जाऊन पुष्कळ वर्षं झाली. मीही आता निवृत्त झालोय. ज्या कामावर माझं आयुष्य गेलं ते तुमच्या वाट्याचं होतं, एवढंच लिहायला बसलोय.

सत्तरच्या दशकातले सोलापूरचे ते उन्हाळे. कॉलेजच्या तापलेल्या गच्चीवर तुम्ही भिंग आणि लोलक मांडून सूर्यप्रकाश उलगडून दाखवायचात. ‘आला किती ते सगळेच बघतात,’ तुम्ही म्हणायचात, ‘वाटेत हवेनं गिळला किती, ते बघ की.’ मग परदेशातल्या एका प्रयोगशाळेला माणूस हवा असल्याचं कळलं. उपग्रहावर दुर्बीण बसवून, पृथ्वीवरून माघारी फिरणाऱ्या उन्हातून वरच्या हवेतला विरळ ओझोन मोजायचा होता. जागा एकच. मुलाखतीचं बोलावणं तुम्हालाही आलं, मलाही. तुमच्यापुढे माझा निभाव लागणार नाही, हे दोघांनाही ठाऊक होतं.

पुण्यात तुमचं नाव पुकारलं आणि तुम्ही पोट धरून बाकावर बसलात. ‘लई दुखतंय. तू जा आत, माझी वाट बघू नको.’ मी गेलो. बाहेर येऊन बघतो तर तुम्ही झाडाखाली काकूंनी बांधून दिलेली कडक भाकरी आणि शेंगाचटणी चवीनं खाताय. आत मुलाखती अजून चालूच होत्या. मला सगळं कळलं, सर. पण विचारलं असतं तर तुम्हाला आत पाठवावं लागलं असतं. मी शेजारी बसलो आणि तुम्ही पुढे केलेली भाकरी खाल्ली.

उपग्रह वर गेला, आकडे येऊ लागले. सुट्टीवर आलो तेव्हा तुमच्या स्वयंपाकघरात पाटावर बसून मी सांगत होतो, ओझोन विषुववृत्तावर विरळ असतो, वर उत्तरेकडे दाट. तुम्ही विद्यार्थ्यासारखे विचारत होता, ढग आडवे आले तर काय करता? मी ऐटीत उत्तरं देत होतो. वाढता वाढता काकू मला म्हणाल्या, ‘पुण्याला ह्यांचं पोट लई दुखलं म्हणं. घरी आले ते चांगले जेवले की.’ तुम्ही ताटातून नजर न उचलता म्हणालात, ‘त्याला आमटी वाढ.’ मी खाली मान घालून जेवत राहिलो.

तुम्ही गेलात तेव्हा मी तिकडेच होतो. मागच्या महिन्यात सोलापुरात आलो, तुमच्या गल्लीतही गेलो. काकू फार थकल्यात. दारात डाळ निवडत बसल्या होत्या. मान वर करून त्यांनी विचारलं, ‘कोण पायजे?’

मी म्हणालो, ‘घर चुकलं,’ आणि स्टेशनचा रस्ता धरला.